चालण्याची मात्रा

सत्तरी ओलांडलेला रुग्ण रुग्णालयातून घरी निघतो तेव्हा त्याच्या नातेवाइकांच्या हातात पडणारं डिस्चार्ज कार्ड एकदा सावकाश वाचून पाहावं. औषधांच्या रकान्यात कसर नसते. गोळीचं नाव, किती मिलिग्रॅमची, १-०-१ की ०-०-१, जेवणाआधी की जेवणानंतर, किती दिवस, सगळं नोंदलेलं असतं. रक्तदाबाची अर्धी गोळी कमी-जास्त झाली तरी डॉक्टर खडसावतात. त्याच कार्डाच्या तळाशी एक ओळ असते: ‘फिजिओथेरपी घ्यावी’, नाहीतर ‘हळूहळू चालणं वाढवावं’, आणि पुष्कळदा नुसतंच ‘विश्रांती’. किती चालायचं, दिवसातून किती वेळा, शेजारी कोण हवं, दम लागला तर कधी थांबायचं, पुढच्या आठवड्यात किती वाढवायचं, यातलं काहीही तिथे नसतं. या प्रकरणात मांडायचं आहे ते इतकंच की उतारवयातल्या रुग्णासाठी तळाची ती ओळ हेसुद्धा एक औषध आहे, बऱ्याच वेळा कार्डावरचं सर्वांत मोलाचं औषध आहे, आणि तेवढं एकच औषध आपण मात्रा न लिहिता देतो. रुग्णालयानंतरच्या पुनर्वसनाची योजना चांगली की वाईट हे बहुतांशी या मात्रेवर ठरतं. मात्रा कमी पडली तर गुण येत नाही, जास्त झाली तर अपाय होतो, आणि ती ठरवणारा, तपासणारा, बदलणारा माणूसच नसेल तर बाकी सगळ्या सोयी शोभेच्या उरतात.

आधी नुकसान किती होतं ते पाहू. न्यूमोनिया, हृदयाचा त्रास, लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग, खुब्याचं मोडलेलं हाड, ज्या कारणासाठी दाखल केलं ते कारण बहुतेकदा आटोक्यात येतं. तरीही घरचे म्हणतात, ‘ताप गेला, पण बाबा पहिल्यासारखे राहिले नाहीत.’ हे निव्वळ वाटणं नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या दोन रुग्णालयांत सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या २,२९३ रुग्णांची नोंद ठेवली गेली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. अंघोळ, कपडे, जेवण, पलंगावरून खुर्चीत बसणं, संडास अशा रोजच्या कामांत यांपैकी सुमारे ३५ टक्के लोक घरी जाताना, दाखल होण्याच्या दोन आठवडे आधी होते त्यापेक्षा जास्त परावलंबी झालेले होते. नव्वदीपुढच्यांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होतं. यातला काही भाग आजाराचा, काही दाखल होण्याआधीच झालेला. पण काही भाग निश्चितपणे पलंगाचा आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या ११ धडधाकट स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. ताप नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसतं पडून राहायचं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतून जवळजवळ एक किलो स्नायू गेला आणि पायांची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी उतरली. खऱ्या वॉर्डात याच्या जोडीला आजाराचा दाह असतो, उपासमार असते, हाताला सलाईन आणि खाली कॅथेटर असतो. २००९ सालच्या एका अमेरिकी पाहणीत दाखल झालेल्या ४५ निवृत्त सैनिकांच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रं बसवली होती. हे सगळे दाखल होण्याच्या दोन आठवडे आधी स्वतःच्या पायांनी चालत होते. वॉर्डात मात्र त्यांचा ८३ टक्के वेळ आडवं पडून गेला. उभं राहणं आणि चालणं मिळून दिवसाकाठी जेमतेम पाऊण तास. कुणी त्यांना झोपून राहा असं सांगितलं नव्हतं. उठा असंही कुणी सांगितलं नव्हतं.

हे काही आज उमगलेलं नाही. लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात १९३५ साली मार्जरी वॉरन या डॉक्टर बाईंकडे शेजारच्या गरीबखान्याच्या इस्पितळातले ७१४ दीर्घकाळ पडून असलेले रुग्ण सोपवले गेले. ‘असाध्य’ असा शिक्का बसून ते वर्षानुवर्षं अंथरुणात होते. वॉरनबाईंनी प्रत्येकाला तपासलं, निदान केलं, खाटांच्या बाजूला खुर्च्या आणल्या, त्यांना उठवलं, आणि त्यांतले कितीतरी लोक चालते होऊन घरी किंवा वृद्धाश्रमात गेले. १९४७ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश डॉक्टरांनी अंथरुणात पडण्याच्या धोक्यांवर लिहिलेला लेख आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतात. म्हणजे ‘उठवा’ हे तत्त्व ऐंशीहून अधिक वर्षं जुनं आहे. एवढ्या वर्षांत ते वॉर्डात रुजलं का नाही, याचं एक उत्तर माझ्या मते हे की ते तत्त्व म्हणूनच राहिलं. तत्त्वाला सगळे मान डोलावतात. कामाची पाळी, वेळ आणि जबाबदार माणूस फक्त मात्रेला नेमावा लागतो.

मात्रा नेमली की काय होतं, याचा चांगला दाखला स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरातला आहे. तिथल्या रुग्णालयात तीव्र आजारासाठी दाखल झालेल्या ३७० रुग्णांवर केलेली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय ८७. अर्ध्यांना नेहमीची शुश्रूषा. अर्ध्यांना त्याशिवाय रोज दोन वेळा, प्रत्येकी वीसेक मिनिटं व्यायाम, पाच ते सात दिवस. सकाळचा व्यायाम प्रशिक्षकासमोर: पायांनी वजन ढकलणं, खुर्चीतून उठणं, तोल सांभाळणं, चालणं. वजन किती ठेवायचं हे ज्याच्या-त्याच्या ताकदीच्या ३० ते ६० टक्के असं मोजून ठरवलेलं, आठ-दहा आवर्तनं, दोन-तीन फेऱ्या. संध्याकाळी हलकी वजनं घेऊन आपलं आपण. रोजच्या कामांतलं स्वावलंबन शंभरपैकी गुणांनी मोजलं तेव्हा नेहमीच्या शुश्रूषेतल्या रुग्णांचे घरी जाईपर्यंत ५ गुण गेले होते. व्यायाम करणाऱ्यांचे गेले तर नाहीतच, जवळजवळ २ गुण वाढले. व्यायामामुळे कुणाला इजा झाल्याची नोंद नाही. सत्याऐंशी वर्षांच्या, तापाने निपचित पडलेल्या माणसाला वजन ढकलायला लावायचं हे ऐकताना कसंसंच होतं. पण त्या वॉर्डात जे घडलं ते ‘थोडं चाला बरं का आजोबा’ या सूचनेने घडलेलं नव्हतं. वजन, आवर्तनं, वेळ आणि समोर उभा राहणारा माणूस, या चार गोष्टींनी ते घडलं होतं.

मग मात्रा जितकी जास्त तितकं चांगलं का? नाही, आणि हे ‘नाही’ फार महागात पडून कळलं आहे. पक्षाघातानंतर रुग्णाला चोवीस तासांच्या आत उठवावं आणि भरपूर हालचाल करवावी, अशा समजुतीवर पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांची मोठी चाचणी झाली. ‘अव्हर्ट’ नावाची ही चाचणी २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. करणाऱ्यांना फायदा दिसेल अशी अपेक्षा होती. निघालं उलटं: लवकर आणि जास्त उठवलेल्यांत तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले ४६ टक्के, नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांत ५० टक्के. पुढे याच चाचणीची आकडेवारी उलगडून पाहिली तेव्हा आणखी बारीक गोष्ट हाती लागली. एका वेळी फार वेळ उभं करण्याने नुकसान होत होतं. थोडा थोडा वेळ, पण दिवसातून पुष्कळदा उठवलेल्यांचं बरं चाललं होतं. म्हणजे मात्रेला दोन अंगं आहेत, एका वेळी किती आणि दिवसात किती वेळा. आजही घरोघर दिसतं ते नेमकं विरुद्ध आहे: फिजिओ दिवसाआड येऊन पाऊण तास सगळे व्यायाम एका बैठकीत करवून जातो, रुग्ण दमून झोपतो आणि उरलेले सत्तेचाळीस तास पलंगावर असतो. या पद्धतीत फिजिओची सोय आहे. रुग्णाच्या स्नायूंना तिचा फारसा उपयोग नाही.

इथे आपल्याकडचा नेहमीचा आणि वजनदार आक्षेप येतो. हे सगळं परदेशातलं, तिथे म्हातारी माणसं एकटी राहतात. आपल्याकडे मुलगा, सून, नातवंडं आहेत, घरच्यांना शिकवलं की झालं. विचार इतका सयुक्तिक आहे की त्याची भारतातच रीतसर परीक्षा घेतली गेली, आणि ही परीक्षा आपण घेतली याचा अभिमान वाटावा अशी ती होती. ‘अटेंड’ नावाच्या या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांमधले पक्षाघाताचे १,२५० रुग्ण होते. अर्ध्यांच्या घरातल्या एका माणसाला रुग्णालयातच प्रशिक्षण दिलं: रुग्णासोबत उद्दिष्टं कशी ठरवायची, पलंगावर कसं वळवायचं, कसं उठवायचं, कुठलं काम कसं करवून घ्यायचं. घरी गेल्यावर दोन महिने हे चालू ठेवायचं. निकाल २०१७ साली आला. सहा महिन्यांनी मरण पावलेले किंवा परावलंबी असलेले रुग्ण प्रशिक्षित कुटुंबांत ४७ टक्के, इतर कुटुंबांतही ४७ टक्के. काडीचा फरक नाही.

या निकालाचा अर्थ ‘घरचे निरुपयोगी’ असा लावणं चूक ठरेल. एक तर ते रुग्ण पक्षाघाताचे आणि वयाने तुलनेने तरुण होते. न्यूमोनियातून उठलेल्या ऐंशीच्या आजीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. दुसरं, ज्यांना प्रशिक्षण दिलं नव्हतं त्यांचे घरचेही हात बांधून बसले नसणार. भारतीय कुटुंब न शिकवताही बरंच करतं, आणि दोन्ही गटांना रुग्णालयातली नेहमीची सेवा मिळतच होती. पण मात्रेच्या बाजूने पाहिलं तर निकाल बुचकळ्यात टाकणारा राहत नाही. काही तासांचं प्रशिक्षण ही शिकवणीची मात्रा आहे, व्यायामाची नव्हे. कालच्यापेक्षा आज वजन वाढवायचं की कमी करायचं, पाय थरथरतोय तो थकव्याने की दुसऱ्या झटक्याने, ‘नको’ म्हणताहेत ते दुखतंय म्हणून की मन खचलंय म्हणून, हे ओळखायला रोज पन्नास रुग्ण पाहिलेले डोळे लागतात. सुनेकडे ते कुठून येणार? आणि तिच्याकडे स्वयंपाक, मुलांची शाळा, कित्येकदा स्वतःची नोकरीही असते. शिवाय सेवेची आपली कल्पना या कामाच्या आड येते. आजारी वडिलांना भरवायचं, पलंगावरच अंग पुसून द्यायचं, रात्री उठावं लागू नये म्हणून डायपर लावायचा, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवायचा, यात माया आहे आणि ती खरी आहे. पण यातलं एकेक काम म्हणजे वडिलांच्या वाट्याची एकेक उठबस काढून घेतलेली असते. आपण त्यांचे कष्ट वाचवतो म्हणून ते आठवडाभरात अंथरूण धरतात. घरच्या माणसाला मात्रा पाळायला सांगता येईल, मात्रा ठरवायला सांगता येणार नाही. गोळ्यांच्या बाबतीत हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

बरोबर मात्रा ठरवणारा माणूस मिळाला, तर घरी परतल्यानंतरही गमावलेलं परत मिळतं का? अमेरिकेतल्या ‘रिहॅब-एचएफ’ या चाचणीत हृदयाचं काम मंदावून दाखल झालेले साठीपुढचे ३४९ रुग्ण होते. जवळजवळ सगळेच आधीपासून अशक्त किंवा अशक्तपणाच्या उंबरठ्यावरचे. निम्म्यांना रुग्णालयातच सुरुवात करून नंतर बारा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, ताकद, तोल, चालणं आणि दम या चारही अंगांनी व्यायाम दिला. जो ज्या अंगात कच्चा, त्याची सुरुवात त्याच पायरीपासून. तीन महिन्यांनी हालचालीच्या बारा गुणांच्या परीक्षेत त्यांना सरासरी ८.३, इतरांना ६.९ गुण मिळाले. या परीक्षेत एका गुणाचा फरकही रोजच्या जगण्यात जाणवतो, तेव्हा हा फरक मोठा आहे. मात्र २०२१ साली हा निकाल आला तेव्हा अनेकांनी दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलं: पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं. खर्च करणाऱ्या सरकारला आणि विमा कंपनीला हे प्रमाण कमी होण्यातच रस असतो, त्यामुळे पुनर्वसनाने ते कमी झालं नाही तर पुनर्वसन वाया गेलं असा निष्कर्ष लगेच निघतो. आक्षेप समजण्यासारखा आहे, मान्य करण्यासारखा नाही. हृदय कमजोर आहे ते कमजोरच राहणार. पायांत ताकद आल्याने फुप्फुसांत पाणी साचायचं थांबत नाही. व्यायामाला ज्याच्यासाठी दिलं त्याच कसोटीवर पारखावं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने मधुमेह बरा झाला नाही म्हणून कुणी ती शस्त्रक्रिया मोडीत काढत नाही.

याहून टोकदार आक्षेप पडण्याचा आहे, आणि त्यामागे पुरावाही आहे. सिडनीत रुग्णालयातून नुकत्याच घरी गेलेल्या ३४० वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर घरच्या घरी व्यायाम दिला; फिजिओ अधूनमधून भेट देत. २०१४ सालच्या या अहवालाप्रमाणे त्यांची हालचाल सुधारली, पण पडण्याचं प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा वाढलं. ‘बसू द्या हो त्यांना स्वस्थ, पडले तर कोण निस्तरणार’ म्हणणाऱ्या नातेवाइकांची भीती खोटी नाही, हे यावरून कबूल करायला हवं. का घडलं असावं? जो माणूस पलंगावरच असतो तो पडत नाही. जो उठू लागतो, फाटकापर्यंत जाऊ लागतो, तो पडण्याच्या संधीही वाढवून घेतो. ताकद आणि आत्मविश्वास आधी येतो, तोल मागाहून. ताकदीच्या व्यायामाबरोबर तोलाचा व्यायाम तितक्याच नेटाने हवा, घरातले निसरडे कोपरे आधी सांभाळले जावेत, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा हिशेब पुन्हा व्हावा, हे या निकालातून मी घेतो. ‘म्हणून झोपवून ठेवा’ हे मात्र घेत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोर होतात, छातीत कफ साठतो, पायांच्या शिरांत गुठळ्या होतात. ही सगळी पडझडच असते, फक्त तिचा आवाज होत नाही.

आता मात्रा कशाच्या हिशेबाने ठरवायची? रुग्णालयं वापरतात त्या मोजपट्ट्यांपैकी सर्वांत रूढ म्हणजे बार्थेल निर्देशांक. फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल या दोघींनी तो १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. जेवण, अंघोळ, कपडे, शौच, खुर्चीत बसणं, चालणं, जिना अशी दहा कामं, शंभर गुण. पट्टी चांगली आहे, पण तिच्यात जमीन नाही. पाटावर जेवायला बसणं, तिथून उठणं, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं, फूटभर उंचीचा उंबरठा ओलांडणं, नळाखालची बादली उचलून मोरीपर्यंत नेणं, यांतलं काहीच तिथे मोजलं जात नाही. शंभरपैकी शंभर गुण घेऊन निघालेल्या आजी कोकणातल्या घरी पोचतात आणि मागच्या परसातल्या न्हाणीघराच्या उंबरठ्यापाशी अडतात. गिरगावातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांचा संडास गॅलरीच्या टोकाला असतो, सामाईक असतो आणि सकाळी तिथे रांग असते; त्यांना नुसतं चालून भागत नाही, दहा मिनिटं उभं राहता आलं पाहिजे. म्हणून योजनेची सुरुवात रुग्णाच्या आजारापासून नव्हे तर त्याच्या घरापासून, दाखल असतानाच, व्हायला हवी. पलंग किती उंच, पलंगापासून संडास किती पावलांवर, वाटेत धरायला काय, रात्री दिवा कुठे, पायऱ्या किती. नातेवाइकाने मोबाइलवर काढून आणलेला घराचा दोन मिनिटांचा व्हिडिओ इथे एखाद्या महागड्या स्कॅनइतका उपयोगी पडतो.

एकच कृती जवळून पाहू: बसल्या जागेवरून उठणं. कमजोर माणूस उठताना पाय पुढे ठेवतो, पाठ मागे टेकवतो आणि हात वर करून कुणीतरी ओढण्याची वाट पाहतो. घरची माणसं मग काखेत हात घालून त्याला वर खेचतात. त्याचा खांदा दुखावतो आणि खेचणाऱ्याची कंबर. जाणता फिजिओ आधी त्याला खुर्चीच्या कडेला सरकायला लावतो, टाचा गुडघ्यांच्या मागे ओढून घ्यायला लावतो, मग कंबरेतून इतकं पुढे झुकायला सांगतो की नाक पायांच्या बोटांच्या पुढे जाईल. तेवढं झुकलं की बूड आपोआप हलकं होतं आणि मांड्या जोर धरतात. तरी जमत नसेल तर बैठक उंच करायची: खुर्चीवर घडी घातलेली घोंगडी, वर एक घट्ट उशी. त्या उंचीवरून हात न टेकता पाच वेळा नीट उठता येऊ लागलं की उशी काढायची. आठवड्याने घोंगडीची एक घडी कमी. मग स्टूल, मग त्याहून बुटकं पाट-चौरंगाच्या उंचीचं काहीतरी, आणि ज्याला जमिनीवर बसायची गरज आणि गुडघ्यांची परवानगी दोन्ही आहे त्याच्यासाठी शेवटी जमीन. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णाला मात्र ही उतरंड शल्यविशारदाला विचारल्याशिवाय उतरू देऊ नये. यात लागणारं साहित्य प्रत्येक घरात आहे. नसतं ते हे की आज उशी काढायची की आणखी चार दिवस ठेवायची, हे सांगणारं कुणी.

आहाराबद्दल थोडक्यात. स्नायू व्यायामाने मागणी करतो आणि प्रथिनांनी बांधला जातो. आजारातून उठलेल्या वृद्धांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं असावीत, असं या विषयातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१३ साली सुचवलं. पन्नास किलोच्या आजींना साठ ग्रॅम किंवा अधिक. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असेल तर हा हिशेब बदलतो. आपलं आजारपणाचं पथ्य म्हणजे तांदळाची पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर. पचायला हलकं खरं, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. अंडं खाणाऱ्यांना एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात. इतरांना घट्ट वरण, दही, पनीर, शेंगदाण्याची चटणी यांची जुळवाजुळव करावी लागते. व्यायामाची मात्रा वाढवून ताट पेजेचंच ठेवलं तर आधीच खंगलेल्या स्नायूंकडून काम तेवढं करून घेतलं जातं.

स्मृतिभ्रंश असलेल्यांवर हा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. शिकवलेलं त्यांना आठवणारच नाही. फिनलंडमधल्या यव्हॅस्कला इथे खुब्याचं हाड मोडलेल्या २४३ वृद्धांवरची चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी, ज्यांना वृद्धवैद्यकाच्या विभागात सघन पुनर्वसन मिळालं त्यांतले ६३ टक्के तीन महिन्यांनी स्वतंत्रपणे राहत होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत १७ टक्के. हा उपगट लहान होता, त्यामुळे आकड्यांवर फार भार टाकू नये. पण ‘यांना उपयोग नाही’ हे गृहीतक त्याने नक्कीच मोडलं. उठणं, चालणं, कपात चहा ओतणं या सवयी मेंदूच्या ज्या भागांत मुरलेल्या असतात ते भाग नावं आणि तारखा पुसल्या गेल्यावरही बराच काळ शाबूत राहतात. अशा रुग्णाला समजावत बसण्यापेक्षा रोज त्याच वेळी, त्याच खुर्चीतून, त्याच शब्दांत उठवावं.

उरतो प्रश्न माणसाचा आणि पैशाचा. फिलाडेल्फियात मेरी नेलर यांच्या गटाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, पासष्टीपुढच्या ३६३ रुग्णांपैकी निम्म्यांना एक अनुभवी परिचारिका नेमून दिली. तीच वॉर्डात भेटायची, घरी पोचल्यापासून ४८ तासांच्या आत तीच दारात यायची, चार आठवडे तिचाच फोन लागायचा. चोवीस आठवड्यांत पुन्हा दाखल झालेले रुग्ण तिच्या देखरेखीत २० टक्के, इतरांत ३७ टक्के. मघाशी हृदयरोग्यांच्या व्यायामाने पुन्हा दाखल होणं कमी झालं नव्हतं आणि इथे झालं, कारण ही बाई औषधांचा घोळ, वाढतं वजन, सुजलेले पाय हे सगळं पाहत होती. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही हवीत. पण वॉर्ड आणि घर या दोन्ही ठिकाणी ओळखीचा असणारा एकच जबाबदार माणूस दोन्हींना लागतो. आपल्याकडे हे परवडणार कसं, तालुक्याला फिजिओ किती, हा सवाल रास्त आहे. पण घरोघर जाणारी परिचारिका ही कल्पना इथे परकी नाही. केरळात २००८ च्या धोरणानंतर ग्रामपंचायतींनी उपशामक सेवेसाठी परिचारिका नेमल्या. त्या खाटेवरच्या रुग्णांना घरी जाऊन पाहतात. फिजिओने पहिल्या आठवड्यात घरी येऊन मात्रा लिहावी, दर पंधरवड्याला ती बदलावी आणि मधल्या भेटी प्रशिक्षित परिचारिकेने कराव्यात, एवढं काम उपलब्ध मनुष्यबळात बसवता येण्यासारखं आहे.

पैशाची वाट मात्र आज चुकीच्या ठिकाणी थांबते. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. ते रुग्णालयातल्या उपचारांचं आहे. घरी गेल्यावरचा औषध-तपासण्यांचा खर्च त्यात पंधरा दिवसांपुरता येतो. स्नायू परत यायला बारा आठवडे लागतात. खुब्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे सरकारने भरायचे आणि त्या खुब्यावर उभं राहायला शिकवण्याचे भरायचे नाहीत, हा हिशेब शस्त्रक्रियेच्याही पैशाला न्याय देत नाही. बारा आठवड्यांच्या भेटींचा खर्च त्याच पॅकेजला जोडता येईल, आणि सुरुवातीला सगळीकडे नको, दोन-चार जिल्ह्यांत, ‘अटेंड’सारखाच तुलनेचा गट ठेवून. आपल्या मनाजोगता निकाल येईलच असं नाही, हे त्या चाचणीने शिकवलं आहेच. मोजायचं काय ते तेवढं आधी ठरवून घ्यावं. मृत्यूची आणि पुन्हा दाखल होण्याची नोंद ठेवावीच, पण यशाचा आकडा हा असावा की तिसऱ्या महिन्याअखेरीस किती जण रात्री कुणाला न उठवता स्वतः संडासला जाऊन येतात.